गाडी उगाच रेस होत नाही

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर वगैरे काहीतरी बोल." मी म्हणाले, "मी आमच्या अण्णांच्या जुन्या मारुती ८०० वर बोलते." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग विचारणा झाली, "पंधरा मिनिटं पुरेल ना विषय?" पुरेल की नाही ते तुम्हीच ठरवा.

आमची गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. २००३ मध्ये मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. अण्णा तेव्हा सुताच्या पेढीवर हिशेब लिहायचे. त्यांनी साठवलेले पैसे आणि माझ्या पगारातून वाचलेले पैसे एकत्र करून आम्ही पांढरी मारुती ८०० घेतली. देशातली पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या तीस वर्षांत कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिली चारचाकी म्हणून तीच आली, तशी आमच्याकडेही आली. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं छोटं इंजिन. आमची कार्ब्युरेटरवाली नव्हे, नंतरची इंजेक्शनवाली. म्हणजे तिच्यात एक छोटा संगणक आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अण्णांनी त्या गाडीवर आम्हा भावंडांइतकंच प्रेम केलं. दर रविवारी बादलीभर पाणी आणि जुनं धोतर घेऊन पुसायचे. आईला घेऊन चंदनपुरीला खंडोबाच्या दर्शनाला जायचं, सोयगावला आत्याकडे जायचं, वर्षातून एकदा राहूड घाट चढून नाशिकला यायचं. एवढंच तिचं जग.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी अण्णा गाडी गल्लीतून बाहेर काढत होते. गाडी एकदम पुढे गेली आणि समोर उभी असलेली एक सायकल चाकाखाली आली. सायकलचा मालक, शेजारचा दहा वर्षांचा मुलगा, नुकताच तिथून उठून पाणी प्यायला घरात गेला होता. दोन मिनिटांचा फरक. त्या दोन मिनिटांचा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

मी पुण्यात होते. भावाचा फोन आला. मी सगळं ऐकून घेतलं आणि अण्णांना फोन लावला. मी म्हणाले, "अण्णा, आता वय झालं. गाडी चालवणं बंद करा." अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ते म्हणाले, "गाडी ओढते गं पुढे. मी दाबलं नव्हतं." मी म्हणाले, "अण्णा, गाडी आपोआप पुढे जात नसते."

ते काही बोलले नाहीत. आईने नंतर सांगितलं, त्यांनी किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि चार महिने तिला हात लावला नाही. चंदनपुरी बंद झाली. आईच्या गुडघ्यांच्या तपासणीला रिक्षा बोलवायला लागली. रविवारी गाडी पुसणंही बंद झालं.

आता माझ्या व्यवसायाबद्दल एक कबुली. आमच्याकडे वापरणाऱ्यांच्या तक्रारी येतात. कुणी लिहितं, "बटण दाबलं नाही तरी पैसे गेले." आम्ही आमच्या संगणकावर चालवून बघतो, सगळं नीट चालतं. मग तक्रारीवर शेरा मारतो: वापरणाऱ्याची चूक. तक्रार बंद. वीस वर्षांच्या नोकरीत मी असे किती शेरे मारले असतील, मोजलेले नाहीत. त्यातल्या काही तक्रारी नंतर खऱ्या निघाल्या, हे मात्र नक्की आठवतं. आणि तोच शेरा मी माझ्या वडिलांवर मारला होता. गाडी न पाहता.

मे महिन्यात मी सुट्टीला आले. मेमधलं मालेगाव तुम्हाला सांगायला नको. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून मी किल्ली खिळ्यावरून काढली. सकाळी गाडी छान सुरू झाली. दवाखान्यात तास गेला. परत येताना मोसम पुलाजवळ गर्दीत अडकले. पहिल्या गियरमध्ये क्लच सोडला आणि गाडी अशी निघाली की पुढच्या रिक्षाला लागता लागता राहिली. माझा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. ब्रेक दाबला तर इंजिन ब्रेकशी भांडत होतं. आई शांतपणे म्हणाली, "हे असंच म्हणत होते."

घरी आल्यावर मी बॉनेट उघडून उन्हात उभी राहिले. गाडी उभी, गियर न्यूट्रलला, आणि इंजिन मात्र घाटात चढावर असल्यासारखं ओरडत होतं. गॅरेजच्या भाषेत गाडी रेस होत होती.

आता थोडं विज्ञान. सर, चुकले तर टोका.

पाय काढल्यावरही इंजिन बंद पडू नये म्हणून ते संथ फिरत राहतं, त्याला आयडल म्हणतात. आपल्या छोट्या गाड्यांत ते मिनिटाला साधारण ८०० ते १००० फेरे असतं. पेट्रोल इंजिनाचा वेग आपण खरं तर हवेने ठरवतो. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल नावाची झडप उघडते, जास्त हवा आत जाते, आणि त्या हवेच्या मापाने पेट्रोल सोडलं जातं. पाय काढला की झडप मिटते. मग जगण्यापुरती हवा एका बाजूच्या छोट्या वाटेने आत घेतली जाते आणि त्या वाटेवरचा व्हॉल्व गाडीतला संगणक कमी-जास्त करतो. तेव्हा आयडल वाढलं आहे याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: कुठून तरी जास्तीची हवा आत जाते आहे. प्रश्न फक्त 'कुठून' हा.

आयडल वाढलं तर बिघडतं काय? पेट्रोल जास्त जातं हे आहेच. पण क्लच पूर्ण सोडलेला असेल तर गाडी नुसत्या आयडलवरही सरकते. नेहमीच्या आयडलला आमची गाडी पहिल्या गियरमध्ये माणूस चालतो त्या वेगाने सरकते. आयडल दुप्पट झालं की हा वेगही दुप्पट होतो, म्हणजे सायकलचा. अरुंद गल्लीत, वर्षानुवर्षांची सवय असलेल्या पायाला हा फरक कळायच्या आत गाडी चार-पाच फूट पुढे गेलेली असते.

पण माझ्यापुढे पहिली अडचण वेगळी होती. आमच्या ८०० मध्ये फेरे दाखवणारा काटाच नाही. पुण्याहून मी मोबाईलला जोडायचा एक स्वस्त स्कॅनर आणला होता. तो या जुन्या गाडीशी बोलायलाच तयार नव्हता. मग मोजायचं कसं?

इथे आपलं गाव कामाला आलं. आपण सगळे मागांच्या खडखडाटात वाढलो. माग चालवणारा माणूस पाठमोरा असला तरी आवाजावरून सांगतो की कुठला माग बिघडला. मी विचार केला, इंजिनाचाही आवाज आहे, तोच मोजू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तीन सिलिंडर म्हणजे एका फेऱ्यात दीड वेळा. मोबाईलवर आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप मिळतं. त्यात जो मुख्य ठोका दिसेल त्या हर्ट्झच्या आकड्याला ४० ने गुणा, मिनिटाचे फेरे मिळतात. वही घेऊन गणित करून बघा, बरोबर येतं.

मी मोबाईल सायलेन्सरपासून हातभर अंतरावर धरला. आकडा आला ४५. पंचेचाळीस गुणिले चाळीस: १८००. हव्या त्या वेगाच्या दुप्पट.

अण्णा ओट्यावरून बघत होते. मी त्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे किती?" मी म्हणाले, "म्हणजे गाडी ओढत होती, अण्णा." ते उठून आत गेले. मला वाटलं रागावले. ते आतून माझ्यासाठी टोपी घेऊन आले. ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी शोध सुरू केला. आठवीत आपल्या प्रयोगशाळेत सरांनी एक नियम घालून दिला होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सर वही परत करायचे. मी तशीच वही केली. पहिलं पान स्वस्तातल्या आणि सोप्या शक्यतांचं.

पहिली शक्यता, पायाखालची मॅट. ती सरकून पेडलवर चढली की झडप अर्धवट उघडी राहते. हसू नका, असं होतं. आमची मॅट जागेवर होती.

दुसरी, ॲक्सिलरेटरची केबल. ती फार ताणलेली असेल किंवा आत गंजून अडकत असेल तर झडप पूर्ण मिटत नाही. केबलला थोडी ढिलाई हवी. आमची ठीक होती.

तिसरी, तापमान. थंड इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त वेगाने फिरवतो, ते योग्यच आहे. म्हणून आयडल नेहमी इंजिन पूर्ण तापल्यावर, एसी आणि दिवे बंद ठेवून मोजायचं. पण तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलत असेल, तर संगणकाला इंजिन कायम थंडच वाटतं. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आहे. तो काढला की इंजिन नीट तापायलाच वेळ लागतो आणि तोच गोंधळ होतो. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा एक तुकडा. दहावीत आपण ओहमचा नियम शिकलो, तेवढ्यावर काम भागतं. मल्टिमीटर लावला. २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना साधारण तीनशे यायला हवेत. आमचा सेन्सर खरं बोलत होता. थर्मोस्टॅटही जागेवर होता.

दुपारी बारापर्यंत मी तीन शक्यता खोडल्या होत्या. आणि गंमत अशी की तोवर गाडीही फारशी रेस होत नव्हती. सकाळी मोजलं तर १२०० च्या आसपास. जास्त, पण भीतीदायक नाही. काल १८००, आज १२००. आमच्या धंद्यात अशा बिघाडाची सगळ्यात जास्त भीती वाटते: जो दाखवायला गेलं की दिसत नाही.

तेव्हा मी आपल्याच वर्गातल्या एका मित्राला फोन केला. तो आज इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही, लाजेल. शाळेत तो मागच्या बाकावर बसायचा आणि मी त्याला गणितं दाखवायचे. आता आग्रा रोडला त्याचं गॅरेज आहे. तो आला, माझी वही वाचली, मान हलवली आणि एकच प्रश्न विचारला. "अण्णा गाडी दाखवायला कधी नेत होते?"

अण्णा म्हणाले, "सकाळी. ऊन व्हायच्या आत."

"आणि गाडी बिघडते दुपारी," मित्र म्हणाला. "तापू दे अजून."

अण्णांनी सायकलच्या प्रकाराआधी दोनदा गाडी एका गॅरेजमध्ये नेली होती, हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही वेळा सकाळी. दोन्ही वेळा "गाडीत काही नाही, काका" असं सांगून परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा जायची त्यांना लाज वाटली. मुलीला सांगावं, तर मुलीने वयावर बोट ठेवलं.

आम्ही गाडी घेऊन चांदवडच्या दिशेने एक फेरी मारून आलो. परत येईतो ४५ चा आकडा हजर होता.

मग मित्राने मला एक चाचणी शिकवली, ती तुम्हालाही सांगते. गाडी मोकळ्या हवेत उभी करायची, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. हँडब्रेक ओढायचा, गियर न्यूट्रल. ओढणी, पदर, बांगड्या सांभाळायच्या; पंखा आणि पट्टा कुणाची ओळख ठेवत नाहीत. एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे येणारा जाड पाईप काढायचा आणि इंजिन चालू असताना त्या तोंडावर तळहात घट्ट ठेवायचा. मुख्य झडपेची हवा बंद, आणि बाजूच्या छोट्या वाटेचीही बंद, कारण तीही तिथूनच निघते. निरोगी इंजिन लगेच गुदमरून बंद पडतं.

आमचं पडलं नाही. धापा टाकत का होईना, चालूच राहिलं.

म्हणजे घराचे दोन्ही दरवाजे बंद केले तरी आत कुणीतरी येत होतं. कुठेतरी भिंतीला भोक होतं. मित्राच्या भाषेत, "एअर घेतेय."

इथे संगणकाचा एक भाबडेपणा सांगायला हवा. आमच्या गाडीतला संगणक हवा थेट मोजत नाही. झडपेच्या पुढच्या भागातला दाब मोजतो, त्यावरून हवेचा अंदाज बांधतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. भोकातून आलेली हवाही त्याच्या हिशेबात अधिकृत ठरते आणि तो तिलाही पेट्रोल देतो. त्यामुळे गाडी अडखळत नाही, उलट जोमाने पळते. तो बिचारा आपल्या हातातला छोटा व्हॉल्व पूर्ण मिटवून बसलेला असतो. त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही.

काही ठिकाणी अशी गळती शोधायला पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर ते कृपा करून करू नका. आम्ही आईची कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली. सांध्यासांध्यावर पाणी मारायचं आणि आवाज बदलतो का ऐकायचं. गॅस्केटपाशी काही बदल नाही. मग फडकं गुंडाळलेल्या पकडीने एकेक रबरी पाईप चिमटायला सुरुवात केली. मी मोबाईल धरून आकडा वाचत होते. पहिला पाईप, ४५. दुसरा, ४५. तिसरा चिमटला आणि इंजिनाने सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला. ३०.

तो इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातून निघून मॅनिफोल्डकडे जाणारा पाईप होता. इंजिनाच्या आत साचणारी वाफ पुन्हा जाळायला नेणारा. बाहेर काढून पाहिला तर वरून ठणठणीत. उलटा केला तर कोपऱ्यात, जिथे डोळा पोचत नाही तिथे, बोटाच्या पेराएवढी चीर. थंड असताना चीर मिटलेली. रबर तापून मऊ झालं की उघडायची. म्हणून सकाळी गाडी शहाणी आणि दुपारी वेडी. यात कुणा कंपनीचा दोष नाही. वीस वर्षं तेल आणि उष्णता खाल्लेल्या रबराने आणखी काय करायचं? नव्या पाईपची किंमत सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. नवा पाईप बसवला तरी आकडा ३० च राहिला, म्हणजे १२००. मित्र म्हणाला, "अजून एक आहे." त्याने टॉर्च मारून थ्रॉटलचा स्क्रू दाखवला. झडप किती मिटावी हे ठरवणारा तो स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, आणि आयडल कमी-जास्त करायला तो नसतोच. आमच्या स्क्रूवर पान्याचे ताजे ओरखडे होते. कधीतरी थ्रॉटलमध्ये काजळी साचून गाडी सिग्नलला बंद पडत असणार, आणि कुणीतरी साफसफाई न करता स्क्रू पिळून दिला असणार. त्या दिवसापुरती गाडी बरी झाली. झडप मात्र कायमची किंचित उघडी राहिली, आणि संगणकाला वाटत राहिलं की चालकाचा पाय पेडलवरच आहे.

म्हणजे बघा, संगणकही अण्णांनाच दोष देत होता.

आम्ही थ्रॉटल काढून साफ केला, स्क्रू मूळ जागी आणला, झडपेच्या सेन्सरचं माप जुळवलं. संध्याकाळी मोजलं: २३. नऊशेवीस फेरे. मित्राने बॉनेट मिटलं आणि आईने सगळ्यांना मठ्ठा दिला.

आपल्या गावाला जुगाडाचा अभिमान आहे. असायलाच हवा, ज्या गावाने तुटपुंज्या साधनांत 'मालेगाव के शोले' काढला त्याला जुगाड कुणी शिकवायचा? पण त्या स्क्रूने मला एक फरक शिकवला. कारण समजून घेऊन केलेला जुगाड म्हणजे हुशारी. कारण झाकायला केलेला जुगाड पुढे दुसऱ्याच माणसाच्या अंगावर येतो.

आता सगळ्यात अवघड भाग. गाडी दुरुस्त झाली, अण्णा निर्दोष सुटले, टाळ्या. एवढ्यावर मी थांबू शकले असते. पण मी इंजिनिअर आहे, आणि शंका सोडत नाही. १८०० फेऱ्यांवर गाडी चार-पाच फूट सरकेल हे खरं. पण ब्रेक पूर्ण दाबला असता तर ती थांबली असती. माझी मोसम पुलाजवळ थांबली होतीच.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल मोठं वादळ उठलं होतं. गाड्या आपोआप सुसाट सुटतात, अशा तक्रारी. १९८९ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेचा अभ्यास आला. निष्कर्ष असा की बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. पण त्याच अभ्यासात हेही नोंदलं होतं की त्या गाड्यांच्या आयडल सांभाळणाऱ्या भागात बिघाड होत होता. त्याने इंजिनाचा वेग अचानक वाढायचा, चालक दचकायचा, आणि दचकलेला पाय चुकीच्या जागी जाऊ शकत होता. यंत्र की माणूस, हा प्रश्नच अर्धवट होता. आधी यंत्र चुकलं, मग माणूस.

हे मी अण्णांना सांगावं की नाही, यावर दोन दिवस विचार केला. शेवटी रात्री गच्चीवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझाही पाय चुकला असेल. दचकलो होतो मी. पण तू आधी गाडी बघितलीस ना, म्हणून आता हे सांगता येतंय. त्या दिवशी फोनवर नसतं सांगता आलं."

मला वाटतं, माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य ते आहे. माणसाला आधी चूक म्हटलं की तो स्वतःची खरी चूकसुद्धा सांगत नाही. आधी त्याचं म्हणणं तपासलं, की राहिलेलं तो स्वतःच सांगतो.

त्यानंतर निर्णय अण्णांनीच घेतला. डोळे तपासून घेतले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता फक्त दिवसा चालवतात. गल्लीतून गाडी काढताना भाऊ बाहेर उभा असतो. शेजारच्या मुलाला त्यांनी स्वतः दुकानात नेऊन नवी सायकल घेऊन दिली. चंदनपुरी पुन्हा सुरू झाली आहे. किल्ली अजून त्याच खिळ्याला असते, पण आता ती रोज हलते.

मीही ऑफिसात एक गोष्ट बदलली. तक्रारीवर 'वापरणाऱ्याची चूक' हा शेरा मारायचा असेल, तर तक्रार जिथे आणि जेव्हा झाली तिथे आणि तेव्हाच ती तपासली का, हे आधी लिहावं लागतं. आमच्यात आता त्याला 'दुपारी बघितलं का?' म्हणतात. पोरांना या वाक्याचा उगम माहीत नाही.

सर, मॅडम, जाता जाता तुमच्यासाठी. आपल्या वर्गात एक मुलगी होती, तिला फळ्यावरचं दिसायचं नाही आणि ती अभ्यास करत नाही म्हणून बोलणी खायची. एके दिवशी मॅडमनी तिला रागावण्याऐवजी पहिल्या बाकावर बसवून पाहिलं, आणि मग तिच्या घरी जाऊन चष्म्याचं सांगून आल्या. ती मुलगी मी. मॅडम आज समोर बसल्या आहेत. त्यांना बहुधा आठवतही नसेल. तुम्ही मला तेव्हाच शिकवलं होतं, मॅडम. समजायला मला तीस वर्षं आणि एक फाटका पाईप लागला.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांच्या घरात आता कुणीतरी सत्तरी-पंचाहत्तरीचं आहे. ते म्हणतील, फोन बिघडलाय, मीटर जास्त पळतंय, गोळीने चक्कर येते, गाडी ओढते. दहापैकी काही वेळा चूक त्यांचीच असेल. पण शेरा मारायच्या आधी एकदा बॉनेट उघडा. आणि सकाळी नाही, दुपारी उघडा.

आणि गाडी खरंच रेस होत असेल, तर तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाला भेटा. तो आता खाली बघतोय, त्यावरून ओळखा.